नागापूरचा काना

शोधाच्या चौकटीत ‘नागापूर’ असं लिहिलं की यंत्र अनेकदा आदबीनं विचारतं, तुम्हाला नागपूर म्हणायचं आहे का? नाही बाबा, नागापूरच म्हणायचं आहे. सीनेच्या काठचं, नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलं की भेटणारं, आणि औद्योगिक वसाहतीमुळे निम्म्या जिल्ह्याला ‘एमआयडीसी’ एवढ्याच नावानं ठाऊक असलेलं. संत्र्यांचं ते शहर आणि आमचं हे गाव यांच्यात अंतर शेकडो किलोमीटरचं, पण लिहिताना फरक फक्त एका कान्याचा.

मराठी विकिपीडियावर पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्यांसाठी केलेल्या या पुस्तिकेची प्रस्तावना कुठून सुरू करावी, याचा मी बराच घोळ घातला. ज्ञानकोशांचा जागतिक इतिहास सांगावा, तर वाचक तिसऱ्या पानावर उठून जाणार. नियमांची यादी द्यावी, तर ती विकिपीडियावर आहेच, आणि ती वाचून कुणी संपादक झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शेवटी त्या कान्यापासूनच सुरुवात करायची ठरवली. या विद्येतल्या बहुतेक नियमांचं मूळ त्यात सापडतं.

समजा, एका लेखातलं ‘नागापूर’ कुणा भल्या वाचकाला चुकीचं वाटलं आणि त्यानं काना पुसला. हेतू चांगलाच. तुम्ही इथले, तुम्ही काना परत घातला. तासाभरानं तो पुन्हा गायब. आता तुमच्या तोंडी येतं ते वाक्य ठरलेलं असतं, ‘अहो, माझा जन्म इथला, मला माझ्या गावाचं नाव शिकवता?’ पारावर हे वाक्य जिंकतं, ज्ञानकोशात मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण पलीकडचा माणूस तुम्हाला पाहू शकत नाही. तुम्ही नागापूरचे आहात की न्यूझीलंडचे, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याच्यापुढे ठेवता येईल असं काय आहे तुमच्याकडे? जनगणनेची गावयादी आहे, जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, एखादी शासकीय अधिसूचना आहे. त्यातलं काहीही दाखवलंत की वाद तिथेच मिटतो, आणि तुमच्यानंतर दहा वर्षांनी येणाऱ्या तिसऱ्याच माणसालाही तो मिटलेला दिसतो.

याला विकिपीडियाच्या भाषेत पडताळण्याजोगेपणा म्हणतात. शब्द अवघड आहे, पण कल्पना आपल्या ओळखीची: ‘तू काय म्हणतोस ते राहू दे, तुला कुठून कळलं ते सांग.’ नव्या माणसाला हा अविश्वास वाटतो. माझा अनुभव उलटा आहे. जिथे सांगणाऱ्याचं वय, शिक्षण, जात, हुद्दा यांतलं काहीच विचारलं जात नाही आणि फक्त पुरावा विचारला जातो, अशी जागा आपल्याकडे फार नाही. वसाहतीत यंत्रावर काम करणारा मुलगा आणि विद्यापीठातले प्राध्यापक इथे एकाच प्रश्नाला उत्तर देतात. प्राध्यापकांना त्याचा जास्त त्रास होतो, हेही सांगून ठेवतो.

ही कल्पना परदेशातून आली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं याच जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यात ताहाराबादला जाऊन यावं. संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) तिथले कुलकर्णी. वहीत नोंद ठेवणं हा त्यांचा वंशपरंपरेचा धंदा. १७६२ मध्ये पुऱ्या झालेल्या ‘भक्तविजया’त ते सांगून टाकतात की हे आपल्या मनचं नाही: उत्तरेत नाभाजींनी लिहिलं, इकडे उद्धवचिद्घनांनी लिहिलं, त्यांच्या आधारानं आपण सांगतो आहोत. आजच्या चष्म्यातून ‘भक्तविजय’ इतिहास ठरत नाही, हे उघड आहे. त्यातल्या चमत्कारांना संदर्भाची खूण लावता येणार नाही. पण लिहिणाऱ्यानं आपले आधार आधीच उघड करावेत आणि पदरची भर घातली नाही असं बजावावं, ही रीत ताहाराबादच्या कुलकर्ण्यांना अडीचशे वर्षांपूर्वी ठाऊक होती. ‘संदर्भ द्या’ आणि ‘स्वतःचं मूळ संशोधन नको’ हे दोन नियम समजावताना मी हल्ली महिपतींनाच पुढे करतो. नगरच्या माणसाला ते लगेच पटतं.

दुसरा दाखलाही जिल्ह्यातलाच, आणि तो जास्त बोचरा. प्रवरेकाठच्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा. पुढची तीनशे वर्षं तिच्या नकलांवर नकला होत गेल्या. कुणी शब्द सोपा केला, कुणाची ओळ सुटली, कुणी भक्तिभावानं आपली ओवी आत सरकवली. १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी प्रती जमवून, पाठ ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये असा सज्जड इशाराही दिला. मराठीतलं हे पहिलं मोठं संपादन. तरी १९०९ मध्ये वि. का. राजवाडे एकनाथपूर्व म्हणून वेगळीच प्रत छापतात आणि कोणता पाठ मूळचा यावर अभ्यासकांची आयुष्यं खर्ची पडतात. का? तर मधल्या नकलाकारांपैकी कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंदच नाही.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर ‘इतिहास’ नावाची एक कळ असते. नव्या सदस्यांना मी लिहायला शिकवण्याआधी तिच्यावर टिचकी मारायला सांगतो. पान जन्मलं त्या क्षणापासून आजवरचा एकेक बदल, करणाऱ्याचं सदस्यनाव, तारीख, वेळ, सगळं तिथे ओळीनं मांडलेलं असतं. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ताडता येतात. एकनाथांना जे काम गावोगावच्या पोथ्या मागवून करावं लागलं असेल, ते इथे पाच सेकंदांत होतं. म्हणून एकनाथांना जो इशारा द्यावा लागला, तो विकिपीडियाला द्यावा लागत नाही. तो नेमकं उलटं सांगतो: घाला तुमची ओवी. चुकली तर काढता येईल, आणि कुणी घातली, कुणी काढली तेही दिसेल. माझ्या मते या कोशाची खरी करामत ‘कुणीही लिहू शकतो’ ही नाहीच. लिहिलेलं काही हरवत नाही, म्हणून कुणालाही लिहू देणं परवडतं, ही आहे. धाडस करा असं नव्या सदस्याला सांगतात ते याच्या जिवावर.

प्रत्येक बदलासोबत ‘आढावा’ नावाची एक छोटी चौकट येते. एका ओळीत बदलाचं कारण लिहायचं. ‘जनगणना २०११ प्रमाणे गावाचं नाव दुरुस्त केलं’ एवढं पुरे. नव्वद टक्के नवे लोक ती रिकामी सोडतात. (हा आकडा माझा नुसता अंदाज आहे. लेखात असता तर कुणीतरी त्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा साचा लावून गेलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.) ज्यानं कान्याचं कारण लिहिलं त्याचा काना टिकतो, असा माझा अनुभव आहे. पलीकडच्यालाही उलटवण्याआधी दोन मिनिटं थांबावंसं वाटतं.

आता थोडी वंशावळ. लहानच ठेवतो, कारण पुढच्या प्रकरणात ती आहे. मराठीत ज्ञानकोश म्हटलं की पहिलं नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसानं भागभांडवल उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशमंडळ लिमिटेड अशी कंपनीच काढली, तीही नागपुरात, म्हणजे आमच्या काना नसलेल्या जुळ्या गावात. पुढे बस्तान पुण्यात हललं. १९२० च्या दशकात २३ खंड निघाले आणि त्यांतले पहिले पाच नुसते प्रस्तावनेचे! मुख्य मजकुराच्या खंडांना त्यांनी ‘शरीरखंड’ म्हटलं. प्रस्तावना लांबल्याचा दोष माझ्यावर येईल तेव्हा मी केतकरांकडे बोट दाखवणार आहे. स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं; पहिला खंड १९७६ चा, एकूण २० खंड. दोन्ही ठिकाणी व्यवस्था एकच: जाणकार लेखक, त्यावर संपादक, मग छपाई. चूक सापडली तर पुढच्या आवृत्तीपर्यंत धीर धरायचा.

इंटरनेटवरही आरंभी हीच वाट चोखाळली गेली. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा ‘न्यूपीडिया’ २००० साली तज्ज्ञांच्या सात पायऱ्यांच्या तपासणीसह सुरू झाला आणि पहिल्या वर्षात जेमतेम दोन डझनांच्या आसपास लेख पदरात पडले. मग १५ जानेवारी २००१ ला, तपासणीपूर्वीचा कच्चा माल तयार करायला म्हणून, शेजारी विकिपीडिया उघडला. ‘विकी’ हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ ‘झटपट’. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये कुणालाही बदलता येतील अशा पानांना तो दिला होता. कच्च्या मालाचं गोदाम वाढलं आणि मूळ दुकान बंद पडलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. आज त्याची लेखसंख्या लाखाच्या घरात आहे, आणि नागापूरसारख्या गावांनी त्यातला मोठा वाटा उचलला आहे. तो कसा, ते पुढे येतंच.

मराठी विकिपीडियाच्या आरंभीच्या मंडळींचा मला सर्वांत जास्त हेवा वाटतो तो त्यांनी घडवलेल्या शब्दांसाठी. सराव करायची जागा म्हणजे ‘धूळपाटी’. इंग्रजीत तिला पोरांच्या खेळायच्या वाळूचं नाव आहे. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षर गिरवायचं आणि हलवून पुसायचं, त्यावरून धुळाक्षरं. धूळपाटीवर काहीही लिहा, मोडा, पुसा, कुणी रागावत नाही. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा ‘चावडी’. आपोआप दुरुस्त्या करत हिंडणारा संगणकी कार्यक्रम ‘सांगकाम्या’. सांगितलं तेवढंच करणार, अक्कल चालवणार नाही, हे नावातच आलं. व्यवस्था पाहणारे ‘प्रचालक’. खोडसाळ खाडाखोड म्हणजे ‘उत्पात’. ज्या पानाचा दुवा आहे पण पान अजून नाही, तो ‘लाल दुवा’. नवा सदस्य हे शब्द शिकला की निम्मं घाबरणं जातं, कारण ते कचेरीचे शब्द नाहीत, गावाचे आहेत.

माझी स्वतःची सुरुवात मात्र वाईट झाली. एका गावच्या यात्रेची स्मरणिका हाताशी होती. त्यातले तीन परिच्छेद, काना-मात्रेचाही फरक न करता, मी लेखात उतरवले आणि खाली स्मरणिकेचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं. दुसऱ्या दिवशी सगळं उलटवलेलं. माझा तीळपापड झाला. संदर्भ दिला होता की! पुढे एका जुन्या सदस्यानं माझ्या चर्चा पानावर शांतपणे लिहिलं की आधार घेणं वेगळं आणि उचलणं वेगळं. माहिती कुणाच्या मालकीची नसते, वाक्यं असतात. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. केतकर १९३७ ला वारले, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर आता सगळ्यांचा. विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, म्हणून तो फुकट उचलता येतो असं नाही. शिवाय तुम्ही विकिपीडियावर जे लिहिता ते श्रेय देऊन कुणालाही, अगदी धंद्यासाठीही, वापरू देण्याचं वचन बदल प्रकाशित करायच्या कळीबरोबर देत असता. जे तुमचं नाही त्याचं वचन कसं देणार? इतकं कुणी समजावल्यावर मी ते तीन परिच्छेद आठवडाभर खपून माझ्या शब्दांत लिहिले, आणि तेव्हा लक्षात आलं की स्मरणिकेतल्या निम्म्या मजकुरात माहिती नव्हतीच, विशेषणं होती.

विशेषणांवरून तटस्थतेकडे जाता येतं. ‘निसर्गरम्य’, ‘पुण्यपावन’, ‘कर्तबगार सरपंच’, ‘समाजभूषण’ हे शब्द आपल्या बोटांना इतके सवयीचे आहेत की ते मत आहे हेच कळत नाही. ते काढा, आणि जागी काय घडलं ते लिहा. पण तटस्थता म्हणजे सगळ्या बाजूंना सारख्या ओळी वाटणंही नव्हे. भरवशाच्या साधनांत ज्या मताला जितकं वजन आहे, तितकंच इथे. पंचवीस अभ्यासक एकीकडे आणि एक पत्रक दुसरीकडे असेल, तर त्याला अर्धं पान देणं हा पक्षपातच.

याची सर्वांत चांगली शाळा आपल्याच जिल्ह्याच्या नावाची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहानं वसवलेलं अहमदनगर, आणि याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावानं २०२४ मध्ये झालेलं अहिल्यानगर. गावात मात्र दोन्ही बाजूंचे लोक ‘नगर’ म्हणतात आणि पुढे जातात. नामांतराच्या काळात अशा पानांवर काय होतं, याची तुम्हाला कल्पना करता येईल: एक जण सकाळी सगळीकडे एक नाव करतो, दुसरा संध्याकाळी दुसरं. दोघांनाही वाटतं आपण दुरुस्ती करतो आहोत. यातून निघायची वाट साधी आहे आणि कंटाळवाणी आहे. आजचं अधिकृत नाव शीर्षकाला, जुन्या नावावरून तिकडे पुनर्निर्देशन, मजकुरात दोन्ही नावं आणि बदलाचं वर्ष. नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं ते अहमदनगरच्या किल्ल्यात, असंच लिहायचं, कारण तेव्हा ते नाव होतं. आणि संदर्भातल्या ग्रंथाच्या नावाला तर हातच लावायचा नाही. २०११ च्या जनगणनेचं पुस्तक ‘अहमदनगर’ जिल्ह्याचं आहे. त्याचं नाव उत्साहाच्या भरात बदललंत, तर शोधणाऱ्याला ते पुस्तक कधीच सापडणार नाही. नामांतर तुम्हाला आवडलं की नाही, हा प्रश्न पानावर उद्भवतच नाही. चहाच्या टपरीवर जरूर उद्भवू द्यावा.

सगळं असं सुखानं मिटतं असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी पानातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागानं विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदला. नव्या सदस्यांनी मला त्यानंतर सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न, ‘सर, आपल्याला काही होणार नाही ना?’ त्यांना मी धीर देतो, आणि दोन गोष्टी सांगतो. एक, सदस्यनाव टोपणनाव असू शकतं. खरं नाव, फोन, कंपनीचं ओळखपत्र पानावर टाकायची काहीच गरज नाही. दोन, हयात व्यक्ती आणि ज्यांच्याशी लोकांच्या भावना जोडल्या आहेत अशा व्यक्तींच्या पानांवर पहिलं वर्ष हात चालवू नका. नदीत उतरायचं तर आधी उतार बघून.

मग पहिलं वर्ष करायचं काय? तर गाव. मराठी विकिपीडियावर हजारो गावांची पानं एकाच साच्यातून काढलेली आहेत. वर एक ओळ, अमुक गाव तमुक तालुक्यातलं. खाली मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. आणि मथळ्यांखाली बऱ्याचदा पोकळी. काही जुन्या सदस्यांना या पानांची लाज वाटते, लेखसंख्या फुगवायला केली म्हणून. मला वाटत नाही. रिकामं घर असलं तरी पत्ता तर आहे. मात्र आधी आपलं घर कोणतं ते ओळखा. बीड जिल्ह्यात परळी तालुक्यातही एक नागापूर आहे, वाण नदीवरच्या धरणाचं. एकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर गेली की ती दहा संकेतस्थळं उचलतात आणि मग तीच संदर्भ म्हणून परत येते. स्वतःचीच शेपटी गिळणाऱ्या सापासारखा हा प्रकार. पुस्तिकेत त्यासाठी वेगळं प्रकरण ठेवलं आहे.

नगरबद्दलची साधनं कुठे? १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर आहे, जिल्ह्याचा खंड सतरावा. १९७६ चं महाराष्ट्र राज्याचं गॅझेटियर आहे. दर जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे. १८४२ मध्ये अमेरिकन मिशननं इथूनच सुरू केलेला ‘ज्ञानोदय’ आहे. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात कागद आहेत. पण जुनं म्हणजे खरं असं समजू नका. १८८४ च्या गॅझेटियरमधलं पीकपाणी आणि बाजारांचे दिवस उपयोगी पडतात. त्यात जातींच्या स्वभावाबद्दल केलेली विधानं मात्र साहेबाची नजर सांगतात, जातींबद्दल काही सांगत नाहीत. मिशनऱ्यांच्या पत्राचंही तसंच. साधनाला वय असतं आणि हेतूही असतो.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. नागापूरबद्दल सर्वांत जास्त माहिती ज्यांना आहे, त्यांनी ती कधी लिहिलेली नाही. वसाहत येण्याआधी कुणाच्या शिवारात काय पिकायचं, सीनेला पाणी किती असायचं, पहिल्या पाळीला भोंगा झाला तेव्हा गावात काय बोललं गेलं, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. एका आजींनी मला तासभर हे सांगितलं आणि शेवटी विचारलं, ‘मग आता हे तुमच्या त्या पुस्तकात येईल ना, बाळा?’ नाही येणार, आजी. तुम्ही छापलेल्या नाही आहात. हे सांगताना मला नियमाची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. हा प्रश्न जगभरच्या लोकांना पडला आहे. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांच्या तोंडचं ज्ञान ध्वनिमुद्रित करून तेच संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग केला, त्यावर फिल्मही केली. प्रयोग गाजला, नियम बदलला नाही. बदलू नये असं म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे: आजींचं घेतलं, तर ‘माझ्या आजोबांनी सांगितलं’ म्हणून येणारी दरेक घराण्याची बखर कोणत्या तोंडानं नाकारायची? मला यावर उत्तर नाही, एक वाट आहे. आजींचं बोलणं आधी कुठेतरी छापा. स्थानिक वर्तमानपत्रात, दिवाळी अंकात, महाविद्यालयाच्या इतिहास विभागाच्या प्रकल्पात, जिथे कुणीतरी तपासून छापतं तिथे. मग विकिपीडियावर आणा, पण आणायला दुसऱ्या कुणाला सांगा.

दुसऱ्या कुणाला, हे महत्त्वाचं. आपल्या वडिलांवर, साहेबांवर, नेत्यावर, कंपनीवर आणि स्वतःवर आपण लिहू नये. ‘उल्लेखनीयता’ हा शब्द ऐकून लोक दुखावतात. त्यांना वाटतं माणूस मोठा की छोटा हे इथे ठरवतात. तसं नाही. ज्याच्याबद्दल त्रयस्थांनी पुरेसं लिहून ठेवलं आहे, त्याच्यावरच लेख उभा राहू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीवर ढीगभर लिहिलं गेलं आहे, म्हणून त्यांची पानं भरतात. वसाहतीतला एखादा कारखानदार मनानं कितीही मोठा असो, त्याच्याबद्दल त्याच्याच माहितीपत्रकाखेरीज काही नसेल तर लेख होत नाही. पगार घेऊन लिहीत असाल तर ते उघड करणं बंधनकारक आहे. यावर अधिक बोलत नाही, हा नियम समजायला अवघड नाही, पाळायला आहे.

शेवटचे चार शब्द जुन्या सदस्यांसाठी, कारण पुस्तिका त्यांच्याही हाती पडणार आहे. नव्या माणसाचा बदल उलटवायला एक टिचकी लागते. त्याला कारण सांगायला पाच मिनिटं. ती पाच मिनिटं आपण वाचवतो आणि मग चावडीवर रडतो की मराठीत लोक टिकत नाहीत. प्रत्येक नियमामागे कधीतरी झालेलं भांडण असतं. आपण ते भांडण पाहिलं आहे, म्हणून आपल्याला नियम शहाणा वाटतो. नव्यानं फक्त नियम पाहिलेला असतो, म्हणून त्याला तो फौजदार वाटतो. ‘अमुक धोरणानुसार वगळले’ एवढ्यावर थांबू नका, ते भांडणही सांगा. मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात कार्यशाळा होतात, पन्नास खाती एका दुपारी उघडली जातात, फोटो निघतात. फेब्रुवारीत त्यातलं एखादं खातं परत आलं आणि त्यानं चुकीच्या जागी अर्धवट वाक्य लिहिलं, तर त्या वाक्याला दुरुस्त करून जिवंत ठेवणं हे नवा लेख लिहिण्याइतकंच मोलाचं काम आहे. माझे ते तीन परिच्छेद उलटवणारा आणि नंतर मला समजावणारा, दोघं वेगळे होते. पहिल्याची चूक नव्हतीच. पण दुसरा नसता तर ही पुस्तिका नसती, आणि त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही.

पुस्तिका वाचताना पेन्सिल जवळ ठेवा. मुद्रितशोधनात ‘नागापूर’चं तीन ठिकाणी ‘नागपूर’ झालेलं निघालं. दोन ठिकाणचं दुरुस्त केलं, तिसरं मी मुद्दाम तसंच राहू दिलं आहे. ते पहिल्या प्रकरणात नाही. सापडलं की काना घाला, आणि समासात कारण लिहा.

नागापूर
गुढीपाडवा